उताऱ्याचा हिशेब



'उतारा' हा शब्द धाराशिवकरांना नव्याने शिकवावयास नको. ढोकीच्या तेरणा कारखान्याला ज्यांनी ऊस घातला, त्यांच्या घरात तो पोरासोरांनाही ठाऊक असतो. शंभर किलो उसातून अकरा किलो साखर निघाली, की उतारा अकरा टक्के. रसायनशास्त्रज्ञाचा उतारा मात्र जरा निराळा. जितके निघणे शक्य होते, त्यापैकी हाती किती आले, असे तो विचारतो.

उसाच्या मळीपासून अल्कोहोल होते. अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड आणि त्यापासून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारे द्रव्य. रेणुभारांच्या हिशेबाने 46 ग्रॅम अल्कोहोलाचे 44 ग्रॅम ॲसिटाल्डिहाइड व त्याचे 60 ग्रॅम आम्ल व्हावे. समजा, पहिल्या टप्प्यात 39.6 ग्रॅमच मिळाले. हे 44 चे 90 टक्के झाले. त्यापासून फार तर 54 ग्रॅम आम्ल होईल; मिळाले 48.6, पुन्हा 90 टक्के. कोणी म्हणेल, 46 घातले नि 48.6 आले, हा तर नफाच! पण वाढलेले वजन प्राणवायूचे आहे. 60 शी ताडून पाहा. एकूण उतारा 81 टक्केच भरतो. टप्प्यांच्या उताऱ्यांची सरासरी काढावयाची नसते, गुणाकार करावयाचा असतो.

मग उरलेले जाते कोठे? काहींचे भलतेच पदार्थ होतात, काही गाळताना भांड्याला चिकटून राहते. ॲसिटाल्डिहाइड तर 20 अंशांच्या सुमारासच उकळते. आपल्या वैशाखात ते उघड्यावर टिकावे कसे?

औषधांना कित्येकदा दहा-दहा टप्पे लागतात. प्रत्येक टप्पा 90 टक्क्यांचा असला, तर शेवटी सुमारे 35 टक्के उरतात. 80 टक्क्यांचा असला, तर जेमतेम 11. तेवढ्याच औषधाला तिपटीहून अधिक कच्चा माल! तो भार शेवटी रोग्याच्या खिशावर पडतो. शिवाय शेवटच्या टप्प्यावर सांडलेला एक ग्रॅम सर्वांत महाग, कारण मागची सारी मेहनत त्यात मुरलेली असते.

यावर खरा उपाय टप्पे कमी करण्याचा. ॲट्रोपिनच्या कुळातले ट्रोपिनोन हे द्रव्य जर्मनीच्या विलश्टेटरने 1901 साली लांबलचक मार्गाने तयार केले. एकूण उतारा एक टक्क्याहूनही कमी. 1917 साली इंग्लंडच्या रॉबिन्सनने तीन साधी द्रव्ये एकाच भांड्यात एकत्र आणून तेच घडविले. उतारा 17 टक्के, आणि पुढे सुधारणा होऊन तो नव्वदीच्या वर गेला.

तेव्हा 'आमचा प्रत्येक टप्पा 80 टक्क्यांचा' असे कोणी अभिमानाने सांगितले, तर त्याला एवढेच विचारा: टप्पे किती?