गोलाईतली आपली जागा



निलंग्यात कुणाच्या घरी लग्न ठरलं की खरेदीसाठी ‘गोलाईला जाऊन येऊ’ म्हणतात. लातूर म्हणायचीही गरज पडत नाही. सोनं, कापड, भुसार, चपला, मिरची, गूळ, सगळं तिथंच.

ही गंजगोलाई कशी आहे बघा. मधली दुमजली गोल इमारत 1917 सालची, म्हणजे निजामाच्या काळातली. आराखडा नगररचनाकार फय्याजुद्दीन यांचा. मधोमध अंबाबाईचं मंदिर आणि चौकाला येऊन मिळणारे सोळा रस्ते. नावातला ‘गंज’ फारसीतून आलेला, अर्थ बाजारपेठ.

हे ऐकून अभिमान वाटतो, वाटू द्या. पण फय्याजुद्दीन यांचं नाव ओळखपत्रासारखं खिशात घालून फिरू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशावर आज कुणाला गाडा लावू देत नाहीत. चौक आपला होतो तो तिथं रोज उभं राहणाऱ्यांमुळे. बागवानाची फळं, मणियाराच्या बांगड्या, अत्तरवाला आणि शेजारी भाजी घेऊन बसलेली खेड्यावरची मावशी. अतिक्रमणाची मोहीम निघाली की गाडा कुणाचाही असो, तो उचलला जातो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ज्याचं नाव यादीत नाही, तो सिस्टीमला दिसतच नाही. चौकातही तसंच होतं. 2014 चा पथविक्रेता कायदा सांगतो: आधी सर्वेक्षण, मग विक्री प्रमाणपत्र; ते होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे. त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात आणि अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व हवं. हा कायदा लातूरच्या महापालिकेला लागू आहे, तसाच आपल्या निलंग्याच्या नगरपरिषदेलाही.

आपल्या अब्बांच्या, चाचांच्या पिढीनं गाडा लावला, पण कागद बघितला नाही. आपल्या हातात शिक्षण आहे, मोबाइल आहे. म्हणून एकच विनंती. दोघादोघांनी आपापल्या चौकात जा. गाडेवाल्यांना विचारा: सर्वेक्षणात नाव आहे का? प्रमाणपत्र मिळालं का? नसेल तर बसून अर्ज लिहून द्या, पोच घेऊन द्या.

आणि हो, अर्ज लिहिताना गाडा कशाचा, किती वर्षांपासून लावता, एवढंच विचारा. जात-धर्म विचारू नका.