उनपदेवचं ऊन पाणी

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला ‘एक न विसरणारी सहल’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. बाकीच्यांनी केदारनाथ सांगितलं, कन्याकुमारी सांगितली. मी तुम्हाला जळगाव जिल्ह्यातल्या एका कुंडावर नेणार आहे. मात्र सुरुवात आपल्या बी बिल्डिंगपासूनच करावी लागेल. आमचे हे समोर दुसऱ्या रांगेत बसलेत, त्यांना विचारूनच बोलते आहे.

हे एस.टी.त कंडक्टर होते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या हातापायांवर लाल चट्टे आणि पांढरा कोंडा असायचा, हे त्या काळी फार थोड्यांना माहीत होतं. कारण वैशाखातसुद्धा शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून. पण तिकीट द्यायचं तर हात बाहेर काढावाच लागतो. काही प्रवासी तिकिटाचा कोपरा चिमटीत धरून ओढून घ्यायचे. घरी आल्यावर हे काही बोलायचे नाहीत, नुसते हात धूत बसायचे.

सोसायटी नवी होती तेव्हा सत्यनारायणाला हे प्रसाद वाटायला उभे राहिले. कोणीतरी हळूच द्रोण काढून घेतले आणि म्हणालं, “तुम्ही बसा, पोरं वाटतील.” बोलणं गोडच होतं. पण त्यानंतर आठ वर्षं हे कुठल्याच कार्यक्रमाला खाली उतरले नाहीत. प्रवरेत पोहणारा माणूस, भगवतीच्या दर्शनालासुद्धा गर्दी ओसरल्यावर जायचा.

अशात माझ्या भाच्याने उनपदेवचं नाव काढलं. तिथल्या पाण्याने कातडीचे आजार जातात म्हणे. डिसेंबरच्या सुट्टीत त्याच्या जीपने निघालो. शिर्डी, मनमाड, मालेगाव, धुळे करत अमळनेर. पुढे तापी ओलांडून चोपडा, मग अडावद. तिथपर्यंत दोन्ही बाजूंना केळीच्या हिरव्यागार बागा. अडावद सोडून सातपुड्याकडे वळलं की हिरवं मागे पडतं. वाळलेलं गवत, पानं झडलेली झाडं, काळे दगड. मी मनात म्हटलं, इथे थंड पाण्याची मारामार, ऊन कुठून यायचं?

आणि तिथेच दगडी गोमुखातून वाफाळणारी धार कुंडात पडत होती! चूल नाही, लाकूड नाही, रात्रंदिवस बंब पेटलेला.

लोक सांगतात, शरभंग ऋषींना त्वचारोग झाला होता. वनवासात रामचंद्र इथे आले, त्यांनी बाण मारला आणि गरम पाणी वर आलं. नांदेड जिल्ह्यात किनवटजवळच्या उनकेश्वरलाही हीच कथा सांगतात. कोकणात पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, ही नावं नीट ऐका. प्रत्येकात आपलं ‘ऊन’ पाणी आहे.

मी शिक्षिका, म्हणून मुलांसाठी बाणाच्या जोडीला शास्त्रही सांगते. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातं. साधारण दर किलोमीटरला जमीन २५ ते ३० अंशांनी तापत जाते. खाली तापलेलं पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून वर परततं. तापी आणि सातपुड्याच्या पट्ट्यात जमिनीला अशा जुन्या भेगा आहेत. आपला काळा कातळ ज्वालामुखीचा असला तरी तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवलेला. ही ऊब त्याची नाही, पोटातल्या खोलीची आहे.

हे काठावर उभे. बाह्या तशाच. कुंडात एक म्हातारे बाबा बसले होते, पाठभर तसेच चट्टे. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, “किती वर्षं झाली?”

जसं काही नोकरीचं विचारावं!

हे म्हणाले, “बावीस.”

“माझी तीस झाली. मी सिनियर. या आत.”

आणि आमचे हे हसले. शर्ट काढून माझ्याकडे दिला. चारचौघांत त्यांना उघड्या अंगाने मी किती तरी वर्षांनी पाहत होते. तासभर दोघं गळ्यापर्यंत पाण्यात बसून कुठल्या गाडीला गर्दी असते यावर बोलत होते. मी शर्ट मांडीवर घेऊन काठावर बसले, आणि खरं सांगते, डोळ्यांत वाफ गेली म्हणून पदर लावला असं भाच्याला सांगितलं.

आता सगळे विचारतील, गुण आला का? पहिल्या दिवशी कोंडा मऊ पडला. दुसऱ्या दिवशी कातडी कोरडी होऊन खाज वाढली. पंधरा दिवसांत चट्टे होते तसे. मग मात्र हे आपणहून त्वचेच्या डॉक्टरांकडे चला म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं, हा सोरायसिस. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच चुकते, आणि महिनाभरात बनायची ती कातडी चार-पाच दिवसांत बनून साठते. तो शिवल्याने, जेवल्याने, एका कुंडात बसल्याने लागत नाही. समूळ जात नाही, पण औषधाने आटोक्यात राहतो. मृत समुद्राच्या काठी, तिकडच्या वाळवंटात, जगभरचे सोरायसिसचे रुग्ण जातात. तिथलं खारं पाणी आणि ऊन यांनी काहींना काही महिने आराम पडतो. पण फार कढत पाणी नको, कोमट घ्या, अंग ओलसर असतानाच मलम लावा, आणि औषध मनाने बंद करू नका.

पुढच्याच महिन्यात संक्रांत आली. यांनी बाह्या दुमडल्या, तिळगुळाचा डबा घेतला आणि ए बिल्डिंगच्या पहिल्या दारापासून सुरुवात केली. मी जिन्यात थांबले, पाय कापत होते. कोणी हात पुढे केला, कोणी वाटी पुढे केली. तिसऱ्या दारात एक पाच-सहा वर्षांची मुलगी होती. तिने लाडू घेतला, तोंडात टाकला आणि विचारलं, “काका, हाताला काय झालं?”

“सोरायसिस. लागत नाही.”

“मग अजून एक द्या ना!”

ती आता इंजिनियर झाली आहे, आज आलीही आहे. नाव सांगत नाही, ती लाजेल.

तुम्ही उनपदेवला जरूर जा. कुंडात साबण लावू नका, प्लॅस्टिक टाकू नका, हृदयविकार वा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आजार जाईल अशा आशेने मात्र जाऊ नका. आमचा गेला नाही. गेली ती लाज. आणि ती परत येऊ नये, हे पाण्याच्या हातात नव्हतं, तुमच्या दारांत होतं. ज्यांनी हात पुढे केले त्यांचे आभार. ज्यांनी त्या वर्षी वाटी पुढे केली, त्यांनी पुढच्या वर्षी हात केला, त्यांचे जास्त आभार.

आज दुधाचे पेले हेच वाटणार आहेत. रांगेत या.