पटावर नाव, पण वर्गात जागा?

शहर असो वा एखादे गाव, शाळेच्या दारात उतरता रॅम्प दिसला की कायदा पाळला गेला, असे आपण धरून चालतो. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याहून बरेच मागतो. कलम १६ नुसार शाळेने प्रवेश नाकारू नये, गरजेप्रमाणे सोय करावी आणि प्रत्येक दिव्यांग मुलाची प्रगती तपासावी. म्हणून अंमलबजावणीची कसोटी पटावरची संख्या नव्हे. ब्रेलमधले पुस्तक सत्राच्या सुरुवातीला हाती पडते का, परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो का, हे पाहायला हवे.

'पैसा आणि शिक्षक कुठून आणायचे?' हा आक्षेप खरा आहे. पण म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि पुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरवले, तर मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे जाहीर करण्यास सांगितले. विशेष शाळाच बऱ्या, असेही म्हटले जाते. मात्र कलम ३१ प्रमाणे ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा निवडता येते. जवळच्या शाळेत शिक्षकच नसेल, तर ती निवड उरत नाही, नाइलाज होतो. तेव्हा पालकहो, पुढच्या पालकसभेत एवढेच विचारा: आपल्या शाळेत विशेष शिक्षक किती आहेत?