नोंदवही कशासाठी ठेवावयाची?

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त रामाकोना येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी संस्थेने आपल्या कार्याचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली, किती रुग्णांना औषधपाण्यासाठी साह्य केले, हे आकडे अहवालात येतात आणि ते ऐकून आपणां सर्वांस समाधान वाटते. ते योग्यच आहे. परंतु हे आकडे केवळ झालेल्या कामाची साक्ष देतात, की पुढे करावयाच्या कामाची वाटही दाखवितात, हा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवू इच्छितो.

आपला हा सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख संत्र्यांचा. माल उतरला की त्याची प्रतवारी होते. मोठे फळ एकीकडे, लहान दुसरीकडे, डागी तिसरीकडे. असे का? तर प्रत्येक ढिगाची पुढची वाट वेगळी असते म्हणून. दोन ढिगांचे शेवटी एकच करावयाचे असेल, तर कोणताही शहाणा बागाईतदार ते वेगळे करण्यात मजुरी घालविणार नाही. वर्गीकरणाचे शास्त्र म्हणून ज्याचा गवगवा होतो, ते मुळात एवढेच आहे.

लोकसेवेत हे शास्त्र कसे उपयोगी पडते, याचा धडा फार दूर शोधावयास नको. नागपूरच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था काढली. तेथे गावोगावचे जन्ममृत्यू टिपले जाऊ लागले. मूल दगावले की त्याच्या घरी जाऊन, कोणती लक्षणे होती हे विचारून, मृत्यूचे कारण लिहावयाचे. ‘आजारी होते, गेले’ एवढ्या वाक्यात जे दुःख संपून जात असे, ते कारणवार मांडले गेले, आणि न्यूमोनिया हा बालकांचा एक मोठा शत्रू असल्याचे दिसून आले.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजावे लागतात. पण गावच्या सुईणीस मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून तिच्या हाती एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन दिले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला, तर न्यूमोनिया समजून उपचारास लागावयाचे. दोनच वर्ग, पण पुढे काय करावयाचे ते ठरलेले!

नंतर नवजात अर्भकांचे मृत्यू असेच तपासले गेले. ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना शिकवून घरोघरी बाळांची देखभाल सुरू झाली. शेजारच्या ४७ गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शेजारची गावेही मोजली होती, म्हणूनच हे श्रेय कामाचे की काळाचे, ते सांगता आले.

पुढे २००१ साली महाराष्ट्रातील १३ संस्थांच्या पाहणीवरून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला. सरकारी कागदावर दिसत होते त्याहून प्रत्यक्ष बालमृत्यू कितीतरी अधिक होते. जे वहीत आले नाही, ते घडलेच नाही असे मानण्याची चूक केवळ सरकारच करते असे नाही; आपल्यासारख्या न्यासाकडूनही ती सहज होऊ शकते.

आपल्या वहीत जो दाराशी आला त्याचे नाव येते. जो संकोचाने आला नाही, ज्या विधवा भगिनीस अर्ज लिहून देणारे कोणी नाही, तिची नोंद कोठे? पैसा मर्यादित असतो. एका घरी साह्य दुबार जावे आणि दुसरे घर कोरडे राहावे, यात देणाऱ्याचे औदार्य कमी पडत नाही, माहिती कमी पडते. शासनाच्या आकड्यांवरही सर्वस्वी विसंबता येत नाही. पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला २०२३ साली. त्यापूर्वीचे जिल्ह्याचे आकडे म्हणजे सबंध छिंदवाड्याची सरासरी. तिच्यात रामाकोन्याचे एखादे घर कसे दिसावे?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, वर्षातून एकदा कार्यकर्त्यांनी घरोघर जावे आणि न आलेल्यांचीही नोंद करावी. दुसरी, ज्या खान्यापुढे कोणती कृती करावयाची हे ठरलेले नाही, तो खाना काढून टाकावा. आणि ‘इतर’ हा खाना फुगू लागला, तर तो उघडून पाहावा, कारण नवी गरज बहुधा तेथेच दडलेली असते. तिसरी, साह्य घेणाऱ्याची नावे सभेत वाचू नयेत. संख्या सर्वांची, नाव मात्र विश्वासाने सांभाळावयाचे. हे काम संगणकावर करा वा साध्या वहीत. साधन कोणतेही चालेल.

पुढील वर्षीच्या अहवालात ‘इतक्या जणांना साह्य केले’ या ओळीखाली ‘इतकी घरे अद्याप राहिली आहेत’ अशी दुसरी ओळ यावी. ती वाचताना थोडी खंत वाटेल, पण पुढच्या वर्षीचे काम तीच ओळ नेमून देईल.