तिसऱ्या दिवशी

१९७१ चा ‘आनंद’ पाहून मीही रडलोय, खोटं कशाला बोलू. आतड्याचा कॅन्सर झालेला राजेश खन्ना हसत हसत मरतो. भोवती डॉक्टर, मित्र, टेपवर आवाज. मरायलासुद्धा ऐसपैस जागा! आपल्या वस्तीत असं मरण मी एकही पाहिलं नाही.

सत्यजित रेंनी १९८१ मध्ये प्रेमचंदांच्या ‘सद्गती’वर फिल्म केली. उपाशी, आजारी दुखी बामणाच्या दारात लाकूड फोडता फोडता मरतो. गोंड वस्तीत जाऊन सांगतो, प्रेत उचलू नका. कुणी उचलत नाही. हा नकार मला सगळ्यात मोठा वाटतो. झुरिया पावसात बंद दारापुढं ऊर फोडते. शेवटी बामणच मढ्याच्या पायाला दोर अडकवतो नि फरफटत नेतो, मेलेली ढोरं टाकतात तिथं.

‘कोर्ट’ (२०१४) मी आईला घेऊन पाहिला. माझा बाप गटारातच गेलेला. पडद्यावर खटला चाललाय, शाहिराचं गाणं ऐकून मॅनहोल-कामगारानं जीव दिला म्हणे. त्याची बायको साक्षीला उभी. नवऱ्याला मास्क नव्हता, वास सोसत नाही म्हणून दारू पिऊन उतरायचा, सगळं सपाट आवाजात सांगते. पुढं वकील पैसे देऊ करतो, तर ही काम मागते.

मागून कुणी पुटपुटलं, बाई किती कोरडी.

आई अंधारात म्हणाली, “तिसऱ्या दिवशी मी झाडू धरला होता, बाळा.”