कोंबडीच्या पायातली कडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



स्थलांतर करणाऱ्या पाखरांवर बोला, असे मला सांगण्यात आले. वर असेही म्हणाले की, तुम्ही कवी, तुम्हाला काय अवघड! पण अवघड तेच आहे. कवितेत पाखरू आणायला काही लागत नाही. आमच्या घरात मात्र पाखरू कवितेच्या आधी पातेल्यात यायचे. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

आमचे मामू पिंजारी. हिवाळा म्हणजे गाद्या-रजयांचा मोसम, पाचोऱ्यातल्या आमच्या गल्लीत दिवसभर पिंजणाची तात वाजायची. जुम्म्याला दुकान बंद. मग मामू गुरुवारी रात्रीच सायकलला जाळे बांधून गिरणेच्या डोहावर जायचे आणि पहाटे दोन-चार बदके घेऊन परतायचे. शौक म्हणाल तर शौक, पण घरात खाणारी तोंडे नऊ होती हेही सांगितले पाहिजे.

१९८१ चा डिसेंबर असावा. मी पाचवीत होतो. मामूंनी एक लांब शेपटीचे बदक आणले. त्याला मराठीत तलवार बदक म्हणतात हे मला फार उशिरा कळले, तेव्हा आमच्यासाठी सगळीच बदके होती. मामू त्याचे पीस चिमटीत धरून म्हणाले होते, ‘असा कापूस अख्ख्या खानदेशात निघत नाही.’ साफ करताना त्याच्या पायात एक कडी निघाली. ॲल्युमिनियमची, हलकी, तिच्यावर आकडे आणि इंग्रजी अक्षरे.

इंग्रजी पाचवीपासून असल्यामुळे घरातला विद्वान मीच. एकेक अक्षर जुळवून ‘इन्फॉर्म’ आणि ‘बॉम्बे’ एवढे दोन शब्द लावले. पहिल्याचा अर्थ शाळेत सरांना विचारला. सर म्हणाले, ‘कळवा. मुंबईला कळवा असे लिहिले आहे.’ पंधरा पैशांचे कार्ड मिळायचे तेव्हा. मी घरी येऊन मामूंना म्हटले, कार्ड टाकू या. मामूंनी हातातला धुनका खाली ठेवला. ‘बेटा, बंबईकू खत लिखेगा, तो पयले पुलिस आयेगी.’

कार्ड गेले नाही. कडी मुमानीने उचलली. तिच्या कोंबड्या शेजारणीच्या कोंबड्यांत मिसळायच्या, त्यावरून रोज भांडण. तिने कडी उकलून आपल्या तांबड्या कोंबडीच्या पायात घातली. पुढे सहा-सात महिने ती कोंबडी ‘मुंबईला कळवा’ असा निरोप पायात घेऊन आमच्या गल्लीत उकिरडे उकरत फिरली. मग एकदा पाहुणे आले. कोंबडी गेली, कडीही गेली. आकडा मी लिहून ठेवला नव्हता.

हसू येते खरे. पण त्या आकड्यातच सगळे होते. पाखरू पकडून, पायात कडी घालून सोडतात तेव्हा जागा, तारीख आणि क्रमांक वहीत लिहितात. तेच पाखरू पुढे कुठे सापडले आणि कुणी क्रमांक कळवला, तर नकाशावर दोन बिंदू मिळतात. पाखरांचे रस्ते जगाला असे कळले, एकेका कार्डाने. आपल्याकडे हे काम केले बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने. संस्था १८८३ सालची. डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने १९५९ च्या सुमाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने कड्या घालण्याची मोठी मोहीम सुरू झाली. पाखरांबरोबर रोगाचे विषाणू येतात की काय, ही आरोग्यवाल्यांची शंका, आणि पाखरे जातात कुठे हे सालिम अलींचे कुतूहल. दोघांचे जमले. भरतपूरला कडी घातलेली बदके पुढे सोव्हिएत मुलखातल्या शिकाऱ्यांना मिळाली आणि तिथून मुंबईला पत्रे आली. सायबेरियातल्या शिकाऱ्याने पत्र टाकले, आम्ही पाचोऱ्याहून नाही टाकले!

सालिम अलींची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी सोसायटीचे सभासद. त्यांनी भाच्याला चिमणी घेऊन सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवले. तिथून पुढचे सालिम अली घडले. ही १९०८ ची गोष्ट. मी ती वाचली तेव्हा पहिला विचार आला तो मामूंचा. त्या मामांना ते दार माहीत होते. आमच्या मामूंना मुंबई माहीत होती ती साबू सिद्दिक मुसाफिरखान्यापर्यंत, कुणा हाजीला पोहोचवायला गेले होते तेवढीच. कायदा म्हणाल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. आमच्या गल्लीत तो पोलिसाच्या भीतीच्या रूपानेच पोहोचला होता, दुसऱ्या कुठल्या रूपाने नाही.

ही भीती काय करू शकते आणि ती गेली तर काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. आमच्यापासून दूरची आहेत, पण पाखरांच्या हिशेबात दूर काही नसते.

पहिले, सायबेरियन क्रौंचाचे. पांढराशुभ्र, माणसाच्या छातीइतका उंच पक्षी. १९६४-६५ च्या हिवाळ्यात भरतपूरला असे दोनशेच्या आसपास होते. सायबेरियातून अफगाणिस्तान, पाकिस्तानवरून ते यायचे. त्या वाटेवर शिकार होती, पुढे लढाया आल्या, पाणथळी आटल्या. १९९३ मध्ये त्यांच्या वाटेवरच्या देशांचा करार झाला. करार चांगला होता. पण वाटेवरच्या तळ्याकाठी बंदूक घेऊन बसलेल्या माणसापर्यंत तो किती पोहोचला असेल? २००१-०२ च्या हिवाळ्यात भरतपूरला शेवटची जोडी दिसली. त्यानंतर तिथे कुणी नाही.

दुसरे उदाहरण नागालँडचे. वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण आहे, शेजारी पांग्ती गाव. ऑक्टोबरात अमूर ससाणे चीन-सायबेरियाकडून तिथे लाखोंनी उतरतात, पोटभर वाळवी खातात आणि पुढे भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेला जातात. वजन म्हणाल तर दीडशे ग्रॅमच्या आसपास. लोणावळ्याकडे पक्षीनिरीक्षकांना ते दिसतात ते याच प्रवासात. २०१२ मध्ये बानो हरालू, रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी, रोकोहेबी कुओत्सु ही मंडळी तिथे पोहोचली आणि त्यांनी जे पाहिले ते चित्रित केले. मासेमारीची जाळी उंचावर ताणलेली, त्यात ससाणे. एका हंगामात एक लाख वीस ते चाळीस हजार पाखरे मारली जात असावीत असा त्यांचा अंदाज निघाला.

चित्रफीत जगभर गेली. सोपा मार्ग होता, पोलीस पाठवा, गाव बदनाम करा. पण तिथे वनखाते, पक्षीप्रेमी आणि चर्चचे पाळक गावात जाऊन बसले. शिकाऱ्यांशीच बोलले. पांग्ती, आशा आणि सुंग्रो या तीन गावांच्या ग्रामसभांनी स्वतः बंदी घातली, दंड ठरवला. २०१३ च्या हंगामात तिथे ससाणे जाळ्यात मारल्याची नोंद नाही. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाची यंत्रे बसवली आणि त्यांची नावे ठेवली नागा, वोखा, पांग्ती. ज्या गावाने काल मारले, त्याचे नाव घेऊन पाखरू आफ्रिकेला जाऊन परत आले. कवीला सुचले नसते असे काम कुणीतरी केले.

पण हे गोडगोड करून सांगणार नाही. ससाणे विकून घरात जो पैसा यायचा तो पर्यटकांमुळे भरून निघाला नाही, अशी तक्रार तिथून ऐकू येत राहिली. ती खोटी असण्याचे कारण मला दिसत नाही.

आता हिमालय. आपल्याकडे पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात पट्टकादंब येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. यांना सात हजार मीटरहून उंच उडताना यंत्रांनी टिपले आहे. भारतातली त्यांची घरटी लडाखात, त्सो मोरिरीसारख्या तलावांवर. तिथे काळ्या मानेचा क्रौंचही वाढतो आणि वरच्या कड्यांवर हिमबिबट्या असतो. या तलावाकाठी शेळ्या-मेंढ्या राखणारे चांगपा लोक राहतात. त्यांनी संस्थांच्या सोबतीने हा तलाव जपायचे ठरवले, २००२ मध्ये तो रामसर यादीत गेला. पलीकडे हिमाचलात, स्पितीतल्या किब्बर गावाने आपल्या कुरणाचा एक भाग जंगली जनावरांसाठी राखून ठेवला. बिबट्याने याक-घोडे मारले तर भरपाई मिळावी म्हणून गावानेच गुरांचा विमा सुरू केला. बिबट्या जगावा असे वाटत असेल तर ज्याचा याक गेला त्याच्या रात्रीच्या झोपेचा विचार आधी करावा लागतो. २०२४ च्या जानेवारीत देशातल्या हिमबिबट्यांची पहिली पूर्ण गणना जाहीर झाली. ७१८ निघाले, त्यातले ४७७ लडाखात.

जाता जाता एक सांगतो. आमच्याकडची पोरेही आता मोटारसायकलींवर लेहला जातात, परत येऊन फोटो दाखवतात. तिथल्या उष्ट्या-खरकट्यावर भटकी कुत्री वाढली आहेत आणि ती क्रौंचाची पिल्ले खातात. फोटोत कुत्री नसतात.

मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणून जो पाखरांचा रस्ता ओळखला जातो, आपण त्याच्यावर आहोत. उत्तर ध्रुवाच्या कडेपासून हिंदी महासागरापर्यंत तीस देश त्यावर येतात. २०२० मध्ये गांधीनगरला, मग २०२४ मध्ये समरकंदला आंतरराष्ट्रीय परिषदा झाल्या आणि या मार्गाच्या समन्वयाचे काम भारताकडे यायचे ठरले. तीस हा आकडा वाचून मी थबकलो. नैशापूरच्या फरीदुद्दीन अत्तारांचे काव्य आहे, त्यात हुदहुदच्या मागे असंख्य पाखरे आपल्या बादशहाला, सीमुर्गला शोधायला निघतात. पोहोचतात फक्त तीस. आणि फारसीत सी मुर्ग म्हणजेच तीस पाखरे. ज्याला शोधत होते ते तेच निघाले. आता तीस देशांचे अधिकारी समरकंदला जमले तेव्हा कुणाला अत्तारांची आठवण झाली असेल की नाही, देव जाणे.

आपल्या जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमाखाली हतनूर धरण आहे. त्याच्या फुगवट्यावर हिवाळ्यात बदकांचे थवे उतरतात, महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत त्याचे नाव आहे. तिथे दुर्बिणी जातात. आमच्या तालुक्यातल्या लहान तलावांवर दुर्बिणी जात नाहीत, तिथे जाळी असतात. मामूंचा नातू भोई मित्रांबरोबर अशाच एका तलावावर मासेमारीत भागीदार आहे. शिकार तो करत नाही. पण नायलॉनचे जाळे रात्रभर पाण्यात, आणि बुडी मारणारे पाखरू त्यात अडकते. दोन वर्षांपूर्वी मी त्याला मामूंच्या कडीची गोष्ट सांगून मोठ्या तोंडाने म्हणालो, पाखरू अडकले तर सोडत जा. तो ऐकून घेऊन म्हणाला, ‘चाचा, छोडने के वास्ते जाल काटना पडता. जाल का पैसा कौन देगा?’

मला उत्तर आले नाही. त्या दिवशी मी त्याला एका जाळ्याचे पैसे दिले, पण ती काही व्यवस्था नव्हे. मग आम्ही बसून बोललो. तोच म्हणाला, बदके उथळ अंगाला, पाणकणसाच्या बाजूला बसतात. दिवाळीपासून होळीपर्यंत तिकडे जाळे टाकणार नाही, पण तेवढ्या भागाचा पैसा ठेक्यातून कमी करा. त्याचे भागीदारही तयार झाले. हिशेब त्यांनीच केला आणि मला तो वाजवी वाटला.

यंदा ऑगस्टात मी त्याचा अर्ज लिहिला. एक प्रत मत्स्यखात्याला, एक वनखात्याला. पाखरे वनखात्याची, मासे मत्स्यखात्याचे आणि पाणी पाटबंधाऱ्याचे, म्हणून तिसरी प्रत तिकडे. खाली चार भोई आणि एका पिंजाऱ्याच्या नातवाच्या सह्या आहेत. पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे. तलवार बदके ऑक्टोबरच्या अखेरीस येतात.