एकविसावा वाढदिवस आणि बहात्तरची तारीख

बॉथेलमध्ये आपल्यातले चार जण जेवायला बसले की गप्पा फिरून फिरून ग्रीन कार्डावर येतात. मग कुणीतरी म्हणतंच, "आपण इमानेइतबारे रांगेत उभे राहिलो. कागदांशिवाय राहणाऱ्यांचं आपल्याला काय?" मीही हे म्हटलेलं आहे.

परवा एका मैत्रिणीच्या लेकीचा विषय निघाला. तीन वर्षांची असताना आली, शाळा सगळी इथली. वडिलांची पिटिशन कधीच मंजूर झालीय, पण एका देशाला वर्षाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारताची रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. पुढच्या महिन्यात पोरगी २१ ची होईल आणि तिचा एच-४ संपेल. २००२ च्या कायद्यात वयातून काही दिवस वजा करायची सोय आहे. ती तिला पुरत नाही.

मग 'डाका' का नाही? (पुण्याची आजी हे नाव ऐकूनच दचकली!) लहानपणी इथे आणलेल्या मुलांसाठी २०१२ मध्ये ओबामांच्या काळात ही सवलत निघाली. तिची एक अट अशी, की १५ जून २०१२ रोजी तुमच्याकडे कायदेशीर दर्जा नसावा. हिच्याकडे तो होता, म्हणून ही बाद.

अशा तारखांमध्ये सगळ्यांत जुनी म्हणजे 'रजिस्ट्री'. हे कलम १९२९ पासून आहे. अमुक तारखेआधी आलात, तेव्हापासून इथेच राहिलात, वर्तन चांगलं असलं, तर येण्याची नोंद नसली तरी ग्रीन कार्ड मागता येतं. काँग्रेस ती तारीख अधूनमधून पुढे सरकवायची. शेवटची सरकवली १९८६ साली, रेगन यांच्या सहीने, आणि ठेवली १ जानेवारी १९७२. ती आजही तिथेच आहे. आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ पडला, त्या वर्षाची!

१९८६ च्याच कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. नोकरी लागताना आपण भरतो तो आय-९ही तिथलाच. पण पुढे येणाऱ्या मजुरांसाठी पुरेशी सरळ वाट ठेवली नाही, आणि खोट्या कागदांचा धंदा फोफावला. त्यामुळे 'माफी दिली की लोंढा वाढतो' हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. सरहद्दीवर पहारा हवाच. पण यकिमाच्या बागांत वीस-वीस वर्षं सफरचंदं तोडणाऱ्या माणसाला उभं राहायला बहुतेक वेळा रांगच नसते. रजिस्ट्रीची तारीख दरवर्षी आपोआप पुढे सरकावी, असं मला वाटतं.

आपल्या वॉशिंग्टन राज्याने २००३ मध्ये, इथे शाळा पूर्ण केलेल्या मुलांना कागद नसले तरी रहिवाशांचीच फी लावायची असं ठरवलं. राज्याच्या हातात एवढंच. दर्जा देणं फेडरल सरकारकडे.

मैत्रिणीची लेक आता विद्यार्थी व्हिसाचा फॉर्म भरतेय. त्यासाठी शिक्षण झालं की मायदेशी परत जाईन, असं दाखवावं लागतं. त्या मायदेशी ती आजवर दोनदाच गेलीय, उन्हाळ्याच्या सुट्टीत.